किल्ली बसली, तरीही

३ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला उदासीवरच्या गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले, फरक शून्य. शिवणयंत्रावर झाकलेलं कापड तिने अजून काढलेलं नाही. सकाळी खिडकीपाशी बसवलं की दुपारी तिथेच सापडते. जेवलीस का विचारलं तर हो म्हणते, ताट तसंच असतं. लग्न झाल्यापासून या बाईने मला कधी शेवटचा शब्द बोलू दिला नाही. आता रोज मीच बोलतो. मला फार भीती वाटते.

तूच सांगितलं होतंस, मेंदूतल्या पेशींवर बारीक कुलपं असतात आणि औषध ही त्यांची किल्ली. आता कुलपांचं मला कुणी शिकवायला नको, जन्म त्यातच गेला. किल्ली बसली की कुलूप तिथल्या तिथे उघडतं. इतके दिवस उघडत नाही म्हणजे किल्ली चुकीची, आणि जोर केला तर कुलूपही हातचं जातं. म्हणून येत्या शनिवारपासून गोळ्या बंद करतोय. डॉक्टर नुसतं थांबा म्हणतात. तुझी हरकत असेल तर लगेच कळव. आमच्यावर तुझी माया आहेच, ती राहू दे.

तुझा दादा

५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

प्रयोगशाळेची गाडी तिकडे निघाली आहे, तिच्या चालकाच्या हाती हे पत्र देते. गोळ्या बंद करू नकोस. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको. वहिनीला एकटं सोडू नकोस. जगणं नको असं काही बोललीच, तर तडक त्यांना गाठ.

कुलूप-किल्लीची गोष्ट आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो. कुलूपवाल्याला ती सांगू नये, हे मला सुचायला हवं होतं! दादा, किल्ली पहिल्याच दिवशी फिरली असेल. पण खरं काम दाराच्या आत आहे. निरोप पेशीत शिरतो, एक रेणू दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत तो पार गाभ्यापर्यंत जातो. मग तिथे नवं काही घडायला लागतं, पेशींना नवे धागे फुटतात. त्याला आठवडे लागतात, आणि वरून काहीच दिसत नाही.

मी मेंदूचे केसाहून पातळ काप काढते, त्यांना कुलपांत बसणारं किरणोत्सारी औषध लावते, फोटोच्या फिल्मवर ठेवून अंधारात बंद करते आणि वाट बघते. फिल्म धुतली की कुलपांच्या जागी काळे ठिपके उमटतात. इतकी वर्षं बघतेय, तरी दरवेळी अंगावर काटा येतो. आपलं रुसणं, हसणं, आईचा आवाज ओळखणं, सगळं याच्यात होतं, या एवढ्याशा ठिपक्यांत.

गुण येईलच अशी हमी मी देऊ शकत नाही. काहींना औषध बदलावं लागतं. पण निकाल इतक्यात लावू नकोस. एवढं माझं ऐक, आणि जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी ठकू

२ एप्रिल

प्रिय ठकू,
अनेक आशीर्वाद.

तुझे दादा लिहायला बसले होते, कागद मीच ओढून घेतला. गोळ्या चालू आहेत. तुझं पत्र ते मला रोज वाचून दाखवायचे. मला त्यातलं काही पोचत नव्हतं, हे तुला खरंच सांगते.

मी बरी झाले असं नाही. सकाळी अजून अंग दगडासारखं होतं. पण मंगळवारी यांनी माझी कापडाची कात्री घेतली आणि त्याच कात्रीने पत्रा कापला. पत्रा! ठकू, मला राग आला. किती दिवसांनी मला काहीतरी आलं. मी उठले, दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हे ऐकत राहिले, कात्री हातात तशीच, आणि मग रडायलाच लागले.

मग तुझं पत्र मी स्वतः काढून वाचलं, तेव्हापासून एकच विचारायचं आहे. इतके दिवस मी आत नव्हतेच. मग तू म्हणतेस ते दाराच्या आतलं काम कोण करत होतं? फुरसत काढून लिही, आम्हाला विसरू नकोस.

तुझी वहिनी

६ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न.

तुझं पत्र वाचलं, खोलीचं दार लावलं आणि मनसोक्त रडले. बाहेर प्रयोगशाळेतली मुलं एखादं मशीन बंद पडलं की काय म्हणून घाबरली होती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. इतकी वर्षं मी तोच विचारते आहे, पण इतका सरळ कधी मांडता आला नाही. आणि मी ज्यांना विचारते ते सगळे वारलेल्या माणसांचे मेंदू असतात गं. ठिपके दाखवतात, बोलत मात्र कुणी नाही.

म्हणून एक कर. दादाला काय काय बोललीस ते शब्दन् शब्द लिहून पाठव, एकही शिवी गाळू नकोस. मला सगळं वाचायचं आहे.

तुझीच,
ठकू