इस्त्रीचा पांढरा शर्ट

रविवार, १२ डिसेंबर २००४, संध्याकाळ

ऑफिसच्या ग्रुपबरोबर उरणच्या खाडीवर पक्षी बघायला गेलो होतो. बाबा परवाच वर्ध्याहून आलेत, म्हणून त्यांनाही नेलं. पहाटे स्वारगेटला मिनीबसमध्ये चढताना पाहिलं, तर अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मुलाच्या ऑफिसची माणसं भेटणार म्हणून. मळकट रंगाचे कपडे घाला, हे सांगायला मीच विसरलो होतो.

खाडीवर पोचल्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, या पांढऱ्या शर्टानं पक्षी उडतील. तुम्ही बसमध्येच थांबा."

"बसतो न मी. तू जाय," ते म्हणाले.

पक्ष्यांसाठीच म्हणालो का मी ते? आमचा मॅनेजर लालभडक जॅकेट घालून सगळ्यांच्या पुढे चालत होता. त्याला मी चकार शब्द बोललो नाही. उलट रोहित पक्ष्यांचा थवा दिसला तेव्हा माझी दुर्बीण आधी त्याच्या हातात दिली. आणि माझ्या सॅकमध्ये खाकी स्वेटर होता. तो बाबांना द्यावा हे कसं सुचलं नाही? की सुचलं होतं?

परत आलो तेव्हा ते तसेच ताठ बसलेले. शर्टाला एक सुरकुती नाही.

मघाशी ते आईशी फोनवर बोलत होते. "अवं, पोरानं मले सगळ्यात चांगल्या जागी बसवलं होतं. खिडकीतून सारे पक्षी दिसले."

बस कंटेनरच्या रांगेला खेटून उभी होती. त्या खिडकीतून गंजलेल्या पत्र्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.