पखवाज विमानात चढला, आप्पा!

प्रिय आप्पा,

काल जर्मनीहून घरी आले. जुळे सोलापुरातल्या अर्ध्या कॉलनीला सांगून झालं, तरी पोट भरेना. तुम्हाला सांगितल्याशिवाय ते भरणार कसं? म्हणून लिहायला बसले. तुमचा पखवाज वाजला, आप्पा! लई वाजला!

परदेशाचं एकुलतं एक आमंत्रण आलं, तेव्हा तुम्ही मुंबईच्या विमानतळावरून माघारी फिरला होतात. पखवाज सामानात द्यावा लागेल म्हणाले, एवढ्यावरून! "लेकरू कुणी डिकीत टाकतंय व्हय?" असं त्यांनाच सुनावून, पखवाज मांडीवर घेऊन रेल्वेनं थेट सोलापूर. किती हट्टी होतात हो तुम्ही! त्यानंतर विमानाचं नाव काढलं तरी जेवणावरून उठायचात.

मलाही काउंटरवर तेच सांगितलं. पण मी फिरले नाही. वादीखालचे लाकडी गठ्ठे सरकवून दोन्ही तोंडांच्या चामड्याच्या पुड्या सैल केल्या, आईच्या गोधडीत गुंडाळून पखवाज पेटीत घातला आणि पेटी पट्ट्यावर चढवली. ती पडद्याआड गेली तेव्हा मात्र रडले. शिव्या घातल्या असतील ना तुम्ही?

तिकडं उतरल्यावर आधी पेटी उघडली. पखवाज धडधाकट!

खरी फजिती पुढं. कार्यक्रमाआधी डाव्या तोंडाला कणीक लावायला पिशवी सोडली, तर आत ज्वारीचं पीठ! रविवार, सगळी दुकानं बंद. आईला फोन लावला.

"भाकरीवाचून तुजं कसं व्हईल म्हणून घातलं की! पखवाजाचं कुणाच्या ध्यानात हाय?"

ज्वारी पखवाजाला धरत नाही, वाळली की गळून पडते, हे तुमचंच शिकवणं. आणि डावं घुमलं नाही तर पखवाज कसला? ज्यांच्या साथीला गेले होते त्या गायिका ताई हळूच म्हणाल्या, "नंदा, नुसत्या तंबोऱ्यावर गाऊ का मी?" एवढ्या लांब आणून त्याला पेटीतच ठेवायचं? मला रडूच कोसळलं.

फोन चालूच होता. आई खेकसली, "रडतीस काय? आधणाचं पाणी घाल की! भाकरीचं पीठ कसं मळतीस? चिकट हुतंय बग!"

किटलीत पाणी उकळलं, बोटं भाजत पीठ मळलं आणि थापलं. वाजवताना मधूनमधून ओला हात फिरवत राहिले. धरलं, आप्पा! पहिला 'धा' पडला आणि मागच्या रांगेतली माणसं सरसावून बसली. शेवटी सगळं सभागृह उभं!

म्हणजे तुम्ही दोनदा चुकलात. ज्वारीच्या बाबतीत आणि विमानाच्याही. जिंकले की नाही मी? पण टाळ्या चालू असताना एकच वाटत होतं, त्या दिवशी तुम्ही पखवाजाची पेटी सामानात दिली असतीत, तर हे लोक तुमच्यासाठी उभे राहिले असते. का नाही दिलीत?

पुढच्या महिन्यात पुन्हा विमान आहे. आज शब्द देते, तुमच्या माघारी तुमची आठवण म्हणून हा पखवाज कोपऱ्यात झाकून ठेवणार नाही. जाईन तिथं नेईन. कधीतरी त्याची पुडी फाटेल, माहीत आहे मला. पण ती वाजता वाजता फाटेल.

तुमची लेक,
नंदा