आपटेकरांच्या खोलीतला गारवा

रविवार, १ मे १९९४

पनवेल! ट्रकवाला कळंबोलीत वाट चुकला आणि लोखंडाच्या बाजारातून आमच्या बिऱ्हाडाची वरात निघाली. वल्लरीने केबिनमधून सळ्यांच्या प्रत्येक ढिगाला टाटा केला. नीता म्हणाली, इतकं लोखंड बघितलंस, आता नव्या घरात एक तरी खिळा सरळ ठोकून दाखव.

घरमालक सॉलोमन आपटेकर किल्ली घेऊन दारात उभे होते. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू; जन्म याच गावातला. बायको सॅली गेल्या उन्हाळ्यात वारली. आता ते मुलाकडे, डॅनियलकडे, इस्राएलला चाललेत. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या शनवार तेल्यांचा इतिहास मी त्यांना उभ्या उभ्या ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, माझ्याच आज्याची गोष्ट मला सांगताय प्रोफेसर, पण सांगता झकास!

हे घर घेतलं ते आतल्या खोलीतल्या एसीसाठी. वल्लरीच्या अंगात जन्मापासून घामाच्या ग्रंथीच नाहीत. ऊन तापलं की तिचं अंग तापत जातं, आणि आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. जळगावात आम्ही तिचा मे महिना ओल्या चादरीत गुंडाळून काढायचो. गेल्या वर्षी तिला झटका आला, तेव्हाच मी इथल्या कॉलेजात अर्ज टाकला. आज ती गार फरशीवर पाय पसरून मांजरांची चित्रं काढत बसली होती. सात वर्षांची पोर. मे महिन्यात खेळताना मी तिला आज प्रथम पाहिलं.

बुधवार, ४ मे

शेजारच्या गोदूबाई ताजे बोंबील घेऊन आल्या. मूळच्या उरणजवळच्या मोऱ्याच्या, आगरी, आवाज असा की माझ्यासारख्या सभा गाजवणाऱ्याने मान खाली घालावी. पोर आतल्या खोलीत निजते का, असं त्यांनी दोनदा विचारलं. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, काय नाय, गोड पोर हाय.

इथेही भगत आणि अंगारे आहेतच. सुट्टीतल्या जादा वर्गात मुलांना सांगितलं, ज्याला दोन हात दिलेत त्याला मंत्र लागत नाही. माणूस रिकाम्या हवेशी बोलायला लागला, की समजा त्याने डोकं गहाण टाकलं. मुलांनी बाकं वाजवली. जमेल इथे.

शनिवार, ७ मे

दुपारी एसीने दगा दिला. पंखा फिरत होता, पण वारा गरम. आतला कॉम्प्रेसर घुंऽऽ करून उठू बघायचा आणि टक करून बसायचा. मेकॅनिक नेरे गावात लग्नाच्या हळदीला गेलेला. वल्लरी लाल होत चालली. नीता ओले पंचे बदलत होती. ह्या दमट हवेत त्यांचा काय उपयोग? पोर एकच म्हणत होती: बाबा, उकडतंय. कुणीतरी या ना. उकडतंय.

ह्या यंत्राबद्दल मी वाचलं होतं. कॉम्प्रेसरला उठवणारा धक्का कपॅसिटर देतो. प्लग काढला, जाळी उतरवली. दुधाच्या डब्यासारखा तो कपॅसिटर सापडला. माथा फुगलेला, तेल पाझरलेलं. प्लग काढला तरी ह्या डब्यात वीज साठून राहते, आणि उतावळे लोक तिथेच मरतात. बल्बच्या होल्डरच्या दोन तारा त्याच्या टोकांना टेकवल्या. बल्ब एकदा डोळा मिचकावून विझला. कुठली तार कुठे, हे कागदावर काढून घेतलं. बाजारातून तेवढ्याच क्षमतेचा नवा आणला. दुकानदाराने विचारलं, सर, विमा उतरवलाय ना?

बसवला. बटण दाबलं, आणि खोली गार पडत गेली. नीता म्हणते, तू बाजारात होतास तेव्हापासूनच गार वाटायला लागलं होतं. नवऱ्याला श्रेय देणं तिच्या अगदी जिवावर येतं.

सोमवार, ९ मे

वाचनालयात भाषण झालं. सभागृह भरलेलं. शेवटी कपॅसिटरची गोष्ट सांगितली. म्हणालो, माझं लेकरू तापत होतं तेव्हा मी नवस बोललो नाही, स्क्रू-ड्रायव्हर उचलला! टाळ्या थांबेनात. घरी येऊन नीताला सांगितलं. ती म्हणाली, खिळा अजून बाकी आहे.

मंगळवार, १० मे

वल्लरीला घाम आला!

कपाळावर, वरच्या ओठावर, कोपराच्या खळगीत. स्वच्छ, टपोरे थेंब. नीताने ते बोटावर घेतले आणि मटकन खाली बसून रडली. मी पोरीला उचलून घरभर नाचलो. ग्रंथी नसलेल्या अंगाला घाम! मुंबईच्या डॉक्टरांना पत्र टाकलं. निसर्गही कधीकधी आपलं मत बदलतो.

बुधवार, ११ मे

इथल्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, असं होत नाही. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. जाताना एवढंच म्हणाले की खोली इतकी गार ठेवू नका.

एसी बंद केला. दार उघडं टाकलं. बाहेर ऊन रणरणतंय. खोली तशीच गार.

वल्लरी म्हणते, आजी पंख्याने वारा घालते. कोणती आजी, विचारलं, तर म्हणाली, बांगड्या वाजतात ती.

माझी आई हयात नाही. नीताची आई जळगावात आहे.

गुरुवार, १२ मे

दुपारी माठातलं पाणी तांब्यात काढून ठेवलं होतं. तांब्याच्या अंगावर थेंब जमले. मी तांब्याकडे पाहिलं. मग वल्लरीकडे.

गार वस्तूवर दमट हवेतलं पाणी जमतं. शाळेतल्या पोरांना शिकवतात ते.

तो घाम नाही.

खात्री करायची म्हणून प्लग काढून एसी उघडला. नव्या कपॅसिटरच्या टोकाशी कॉम्प्रेसरची तार लोंबत होती. निसटलेली नव्हे. कपॅसिटरचं ते टोक कोरंकरकरीत, त्यावर चिमटीचा ओरखडासुद्धा नाही. घाईत मी ती बसवलीच नव्हती. शनिवारपासून नुसता पंखा फिरत होता. दुरुस्ती झालेलीच नाही.

आणि मी त्यावर भाषण ठोकलं.

शुक्रवार, १३ मे

गोदूबाईंना घरात बोलावलं. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. तिथूनच सांगितलं.

आपटेकर शनवार पाळायचे, म्हणून शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी रात्रीपर्यंत विजेच्या बटणाला हात लावत नसत. आणि दुसऱ्याला ‘लाव’ असं सांगायचीही रीत नव्हती. मग सॅलीबाई दारात येऊन नुसतं म्हणायच्या, गोदू, किती उकडतंय गं. गोदूबाईंनी समजून आत जायचं, बटण दाबायचं, चहा पिऊन यायचं. वर्षानुवर्षं हे चाललेलं.

गेल्या मे महिन्यातल्या शनिवारी सॅलीबाई आजारी होत्या. यंत्र असंच बसलं. गोदूबाई बहिणीकडे मोऱ्याला. जीव वाचवायचा तर शनवार आड येत नाही, म्हणून सॉलोमननी स्वतः सगळी बटणं दाबून पाहिली. मेकॅनिक मिळाला नाही. सॅलीबाई दुपारभर म्हणत राहिल्या, उकडतंय, उकडतंय. ऊन उतरायच्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र आपलं आपण चालू!

मी विचारलं, ह्याचा माझ्या मुलीशी काय संबंध? गोदूबाई म्हणाल्या, “उकडतंय म्हटल्यावर कुनी नाय आलं तर काय व्हतं, ते तिला ठावं हाय. म्हनून ती येते. तुमची पोर म्हनली, आन् ती आली.”

मी चिडलो. बरंच बोललो. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, हे सभंत सांगा. पोरीचा हात बगा आदी.”

शनिवार, १४ मे

घर सोडायचं ठरवलं. नीताचा भाऊ विश्वजीत कळंबोलीत राहतो. भर दुपारी रिक्षा केली. उन्हाने पोरीच्या गालावर रंग आला, अंग कोमट झालं; नीता हसली. मग रस्त्यात वल्लरी म्हणाली, उकडतंय.

रिक्षाच्या रेक्झिनवर थेंब जमले. रिक्षावाल्याने मागे पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली. म्हणाला, उतरा. तिथूनच घरी परतलो.

म्हणजे खोली नव्हे. तो शब्द.

गोदूबाई म्हणतात, सॅलीबाय एकटी हाय, एका टायमाला एकाकडंच जानार. जो शेवटी म्हनंल त्याच्याकडं जाईल. तुमी म्हना.

मी? रिकाम्या हवेशी?

रविवार, १५ मे

म्हणालो नाही. त्याऐवजी खोलीत उभा राहून ओरडलो. निघ, म्हणालो. भ्रम आहेस, म्हणालो. उत्तम भाषण होतं. ऐकायला कुणी नव्हतं, किंवा होतं. हुकूम ऐकायची त्या बाईला सवयच नाही.

वल्लरीची नखं निळी. विचारलं की म्हणते, छान वाटतंय. झोपेत पुन्हा तोच शब्द पुटपुटली. नीता एवढंच म्हणाली, तुझं तत्त्व मोठं की पोर मोठी.

सोमवार, १६ मे

दुपार. म्हणालो.

खोलीच्या मधोमध उभा राहून, जन्मात इतक्या हळू आवाजात बोललो नव्हतो: किती उकडतंय हो.

बांगड्या वाजल्या. वल्लरीच्या अंथरुणाकडून माझ्याकडे. मानेवर गार वारा. मायेचा. हेच भयंकर — किती माया आहे त्यात —

वल्लरीचे ओठ लाल झाले. रडली. भूक लागली म्हणाली. नीताला सांगितलं, ने. विश्वजीतकडे ने. मी इथे म्हणत राहतो. गेल्या दोघी.

म्हणतोय. पुन्हा पुन्हा. उकडतंय. बोटं वळत नाहीत. शाई पसरते, कागद ओला —

एक सांगायचं राहिलं. नीता, तिला बजाव. बाहेर ऊन आहे. तिला गरम होणारच. तो शब्द तिने —

हाक मारायला हवी. जबडा — जीभ टाळूला —

वही खिडकीतून टाकतो. तू वाच. शेवटचं म्हणणं माझंच असायला हवं — म्हणायचंय, आवाज —

फाटकाशी आहेत अजून. रिक्षा नाही आली. ऊन. वल्लरीचा आवाज. तिने आईचा पदर ओढलाय, म्हणतेय, आई, आई गं, किती उ—