वस्तरा वर गेला की

सोमवार, ता. ९ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असाल. घाबरू नका, घरी सगळं ठीक आहे. आईंचे गुडघे बोलतात, पण त्याहून जास्त आई बोलतात, म्हणजे तब्येत ठणठणीत समजा.

आज दुकान बंद, म्हणून निवांत लिहायला बसले. ह्यांच्या खुर्चीवर जो कारागीर ठेवलाय त्याचा हात चांगला आहे, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. दाढी करतो की मौनव्रत पाळतो, कळत नाही. पूर्वी डोक्यावर चार केस असलेली माणसंसुद्धा सारखी येऊन बाकावर बसायची, नुसती गप्पा ऐकायला. आता गिऱ्हाईक येतं, गाल गुळगुळीत करून घेतं आणि मुकाट्याने जातं. तुमची खुर्ची मी कुणाला दिलेली नाही. रोज पुसते मात्र.

तुमच्या पुतणीचे, आपल्या पिटुकलीचे, पुढचे दोन दात पडलेत. 'स' म्हणताना शिट्टी वाजते आणि बाईसाहेबांना त्याचाच केवढा तोरा!

खरं तर तिच्यासाठीच हे पत्र. उगाच गुडघ्यांपासून सुरुवात केली.

परवा जेवायच्या वेळी आई चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधत होत्या. पिटुकलीने ते पाहिलं, हातातला चमचा उचलला, हात ताठ वर धरला आणि तशीच थांबली. तुम्हाला वेगळं काय सांगू? दाढी करताना हसू आलं की तुमचे दादा आधी वस्तरा वर धरायचे, गिऱ्हाइकाच्या गालापासून लांब, आणि मग हसायचे. तुमचंही तसंच. कोणी कोणाला शिकवलं, देव जाणे. वस्तरा वर गेला की बाकावरची माणसं विनोद न कळताच हसायला लागायची.

मी विचारलं, "काय गं, हात वर कशाला?"

"बाबा असं करायचे."

"हो. मग?"

"मग काय करायचे ते आठवत नाही." आणि चमचा तसाच वर. "आई, तू करून दाखव ना पुढचं."

मी करून दाखवलं, भाऊजी. आईंनीही केलं. आम्ही दोघी ताटावर बसून खोटंखोटं हसलो आणि ती पाहुण्यांकडे बघावं तशी आमच्याकडे बघत राहिली. "असं नव्हतं," एवढंच म्हणाली आणि खाली मान घालून जेवली.

ह्यांचे शर्ट आहेत, फोटो आहेत, त्या सगळ्या फोटोंत तोंड मिटलेलं. तिशी नुकती ओलांडलेला धडधाकट माणूस घरात वावरत असताना त्याचं हसणं जपून ठेवावं असं कुणाच्या मनात येतं हो? उलट मीच ओरडायचे, "हळू हसा, पोर उठेल!" आणि तेही बिचारे तोंडावर हात धरायचे. किती हसू दाबायला लावलं मी त्यांना.

तसं हसणं आता एकाच माणसाकडे उरलंय. तो कोण हे मला केव्हापासून माहीत आहे, म्हणूनच पेन उचलवत नव्हतं.

त्या दुपारबद्दल आपण कधी बोललोच नाही. मी डबा घेऊन दुकानाच्या दारात आले, तेव्हा ह्यांचा हात वर गेला होता. सगळे हसायला लागले, तुम्ही सगळ्यांत मोठ्याने. आणि हे खाली कोसळले, वस्तरा तसाच वर धरून. ते हसू नव्हतंच, छातीतली कळ होती. त्यानंतर तुम्ही ह्यांना उचललंत, रस्त्यावर अनवाणी धावलात, यातलं काही माझ्या लक्षात राहिलं नाही. कानात राहिलं ते फक्त तुमचं हसणं. म्हणून चारचौघांत बोलले, "माझा नवरा मरत होता आणि तुम्ही दात काढत होतात. पुन्हा मला वहिनी म्हणू नका." तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत आणि गाव सोडलंत.

आई सांगतात, तिथल्या सलूनमध्ये तुम्हाला 'मुका' म्हणतात. एके काळी हे ऐकून मला गार वाटलं असतं. आता ऐकवत नाही.

त्या वेळी ह्यांच्या खुर्चीत बसलेले मास्तर अजून येतात. काल मी धीर करून त्यांना विचारलं. त्यांनी गाल पुढे केला. "बघ, साधा ओरखडासुद्धा नव्हता. त्याला कळलं होतं काहीतरी होतंय म्हणून, तरी आधी वस्तरा वर घेतला." मग म्हणाले, "आणि हसत तर आम्ही सगळेच होतो, पोरी."

सगळेच. दारात उभी राहून मीसुद्धा हसत होते, भाऊजी. हातात डबा, विनोद काय ते ठाऊक नाही, पण हात वर गेलाय म्हणजे आता हे हसणार, एवढ्यानेच मला हसू फुटलं होतं. हे मी आईंनाही कधी सांगितलं नाही. माझंच हसणं मला सोसवेना, ते तुमच्या माथी मारलं.

तेव्हा आता या. मालक रजा देत नसेल तर भांडा, आणि भांडायला माणूस हवं असेल तर मला बोलवा. येताना काही आणू नका. पिटुकलीला समोर बसवा, हात वर करा आणि पुढचं दाखवा. पहिल्या खेपेला जमणार नाही, रडूच येईल. येऊ दे, आम्हाला कुठे घाई आहे? मी उठून आत जाणार नाही, तिथेच बसेन.

आणि तुम्ही याल तेव्हा ती झोपलेली असली, तरी मोठ्याने हसा. उठू दे पोर.

तुम्ही म्हणाल तर, अजूनही तुमची

वहिनी