बेबीनंदाची ठिपक्यांची घोडी

मी, सगुणाबाई रंगनाथ पुंगळे, वय ७२, धंदा घोड्यांची खरेदी-विक्री, राहणार राजूर, ता. भोकरदन, जि. जालना, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी शिकवल्या-पढवल्याशिवाय, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. वकिलाकडून लिहून घेतले नाही, कारण त्यांचा टायपिस्ट माझ्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसलेला मी पाहिला आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तोही दोन डॉक्टरांकडून घेतला.

१. राहत्या घराचा पुढचा भाग मुलगी वंदना हिला, मागचा मुलगा प्रितम याला. मधल्या भिंतीत दार पाडू नये. मी दोघांनाही ओळखते.

२. बँकेतील शिल्लक दोघांत निम्मी. वंदनाने बँकेत स्वतः जावे, नवऱ्याला पाठवू नये.

३. खोगिरे, लगाम, घुंगरांचे पट्टे प्रितमला. माझा पांढरा पंचा मात्र कोणालाच नाही, तो माझ्यासोबत जाळावा. वरातीला ठिपक्यांचा घोडा लागतो, म्हणून लोक साध्या घोड्याला कलप लावून ठिपके काढतात. गावोगावच्या मालकांकडून घोडा घेण्याआधी मी ओला पंचा त्याच्या अंगावरून फिरवीत असे. पंचा काळा झाला की सौदा मोडला. बाजारात इतरही माझाच पंचा बघून बोली लावत.

४. आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी धावड्याच्या बेबीनंदा खरात यांनी घरी वाढवलेली, एक कान कापलेली घोडी बाजारात आणली. माझा पंचा काळा झाला. मी चारचौघांत त्यांना लबाड म्हणाले. त्या एवढेच म्हणाल्या, "म्या काहीच न्हाई लावलं, बाई." मी ऐकले नाही. एका दलालाने ती घोडी मातीमोल भावात नेली.

चार महिन्यांनी एक बँडवाला तीच घोडी माझ्याकडे विकायला घेऊन आला. कापलेल्या कानावरून मी ओळखली. तीनदा धुतली. एकही ठिपका हलला नाही. बँडवाला म्हणाला, "प्रितमभाऊकडूनच घेतल्ती."

मी प्रितमला विचारले. त्याने लपवलेही नाही. "बाजारात तिची नजर चुकवून खऱ्या ठिपक्यांवरच थोडा कलप लावल्ता, आई. दलाल बी माझाच व्हता. तुझ्या पंच्यावर सगळ्यांचा भरवसा हाय, म्हणून बराबर जमलं."

जन्मभर मी दलालांवर, गिऱ्हाइकांवर, जावयावर, दूधवाल्यावरही संशय घेतला. पाण्याची बादली घेऊन माझ्यामागे उभ्या असलेल्या पोटच्या पोरावर घेतला नाही. याची मला फार लाज वाटते. घराचा भाग त्याला आई म्हणून दिला आहे, व्यापारी म्हणून दिला नसता.

५. ती घोडी मी विकत घेतली असून ती बेबीनंदा यांची आहे. मी ती धावड्याला घेऊन गेले होते. त्यांनी दावे हातात घेतले नाही. म्हणाल्या, "घोडी न्हाई पायजे. ज्या बाजारात मला लबाड केलं, त्याच बाजारात बोला. तवापासून माझं एक शिंगरू कोणी घेत न्हाई." मी म्हणाले, मृत्युपत्रात सगळे लिहून ठेवते, मी गेल्यावर बाजारात वाचून दाखवतील. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग तवर म्या तुमच्या मरणाची वाट बघत बसू का?"

परत येताना टेम्पोत मी खूप रडले.

६. म्हणून कलम चार आणि पाच माझ्या मरणाची वाट पाहणार नाहीत. येत्या बाजाराच्या दिवशी, प्रितम शेजारी उभा असताना, ती मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे. प्रितम आला नाही तर त्याचा घराचा भाग बेबीनंदा यांना जाईल. वाचताना माझी जीभ अडखळली, तर म्हातारी दमली म्हणत कोणी मला घरी नेऊ नये. पूर्ण बोलून होईपर्यंत मला तिथेच बसवून ठेवावे.

स्थळ : राजूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

सही : सगुणाबाई रंगनाथ पुंगळे

साक्षीदार :
१. शीतल बोर्डे, शिक्षिका, राजूर
२. पुंजाराम फुके, शेजारी (चष्मा लावून, सर्व वाचून सही केली)