पोळ्याला एकदा, होळीला एकदा

बाबा, तुमच्या गाडीचं इंजिन ऑइल मी तीन वर्षं बदललं नाही. हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्यासमोर गोष्ट घोळवून सांगायची अजून हिंमत होत नाही. स्टील प्लांटमधून आल्यावर बूट काढता काढता तुम्ही म्हणायचात, "मुद्द्याचं बोल, बाई." तर मुद्दा हा, की गेल्या सोमवारी शाळेतून येताना डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला, बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि मी गाडी जागच्या जागी बंद केली. तुम्ही शिकवलेलं एवढं एक लक्षात होतं. लाल दिवा लागला की घर समोर दिसत असलं तरी गाडी पुढे न्यायची नाही. मग दोर बांधून ती खुर्सीपारच्या मेकॅनिककडे नेली.

मी आळशी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. राजनांदगावच्या शाळेत होते तोवर घरून रोज जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर व्हायचे. पुढचं तेल किती किलोमीटरला, ते मेकॅनिक काचेवर चिठ्ठी चिकटवून सांगतो. तो आकडा दोन-तीन महिन्यांत गाठला जायचा आणि मी दुसऱ्याच दिवशी तेल बदलून घ्यायचे. मग तीन वर्षांपूर्वी बदली होऊन इथे भिलाईतल्याच शाळेत आले. आपल्या स्मृति नगरच्या घरापासून शाळा दोन किलोमीटर. भाजी, दवाखाना, आईचं भजनमंडळ, सगळं याच टापूत. चिठ्ठीवरचा आकडा काही येता येईना, आणि मी आपली खूश, की गाडी किती जपून वापरते आहे. तुमचं सांगणं म्हणजे माझ्या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी होतं, दुसरं काय.

कारण तुम्ही किलोमीटर कधी पाहिलेच नाहीत. तुमचा नियम होता, पोळ्याला एकदा आणि होळीला एकदा. मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी तुम्ही ही जुनी गाडी घेतलीत, आणि पहिल्याच पोळ्याच्या आदल्या दिवशी, गावाकडे बैलांचे खांदे शेकतात त्या दिवशी, तेव्हाच्या आपल्या सेक्टर १०च्या क्वार्टरसमोर तुम्ही गाडीखाली शिरलात. मला ते अजून दिसतं. इंजिन थोडं तापवून घेतलंय, खाली आईचं जुनं घमेलं आहे, त्यात काळंभोर तेल पडतंय. तुम्ही ते अंगठा आणि बोटात घासून पाहता, वास घेता, आणि हात बनियनला पुसता. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते, "अवो, धुवाचं मलेच आहे नं!" समोरचे तेलुगू अंकल कठड्यावरून विचारतात, "क्यों भैया, बैल को नहला दिया?" तुम्ही गाडीखालूनच म्हणता, "नहलाया नहीं, अभी पानी पिला रहा हूँ." निघालेलं तेल तुम्ही बाजेच्या पायांना लावायचात, वाळवी लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी बॉनेटला कुंकू लागायचं आणि त्यावर पुरणपोळी ठेवली जायची. मग तुम्ही ती माझ्या हातात द्यायचात. "गाडी तं खात नाई. तू खाय." सगळी गल्ली हसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण पोळी मी खायचे.

गाडी शिकवल्यावर तुम्ही माझी परीक्षा घेतली होती. तेल कधी बदलशील? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, पाच हजार किलोमीटर झाले की. पुस्तकात वाचलं होतं. तुम्ही एवढे चिडलात, की हातातला चहाचा कप खाली ठेवलात. "अन् नाई चालली तं? बैल कोठ्यात बांधून ठेवला तं का तो म्हातारा होत नाई?" आयुष्यभर प्लांटमधल्या मिलच्या तळघरात यंत्रांच्या तेलाच्या टाक्या सांभाळलेला माणूस, त्याला मी पुस्तक दाखवत होते. मी गाल फुगवून आत निघून गेले. तुम्ही मागाहून चिवड्याची वाटी आणून ठेवलीत.

मेकॅनिकने तेल भरायचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं. झाकणाच्या आत पिवळसर पांढरं, लोण्यासारखं काहीतरी साचलं होतं. "मैडम, कब बदला था?" मी म्हटलं, किलोमीटर अभी पूरा नहीं हुआ. तो हसला. "टाउनशिप वालों का यही है. एक सेक्टर से दूसरा सेक्टर, दो किलोमीटर, फिर बंद. इंजन गरम ही नहीं होता. अंदर जो पानी बनता है, वो भाप बनके उड़ेगा कब?" मी सातवीला बाष्पीभवन शिकवते, बाबा. फळ्यावर आकृती काढून शिकवते. तेलाचं खालचं चेंबर खोलून पाहतो, असं मेकॅनिक म्हणाला. बेअरिंग गेली असेल तर या वयाच्या गाडीत कोणी हात घालत नाही, भंगारातच द्यावी लागेल. दोन दिवसांनी सांगतो.

घरी येऊन आईजवळ बसले आणि रडायलाच लागले. तुमचा चष्मा आहे, घड्याळ आहे, पण ती कपाटात पडून आहेत. गाडी तेवढी अजून चालत होती. सकाळी किल्ली फिरवली की ती तुमच्यासाठी सुरू व्हायची तशीच माझ्यासाठी सुरू व्हायची. तीही मी माझ्या शहाणपणाने घालवली असं वाटत होतं. आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, "तुह्ये बाबा रविवारी गाडी कावून नेत होते? तेल तापवाले. तुले वाटे फिराले नेऊन राहिले."

हे मात्र मला तोंडात मारल्यासारखं लागलं. ते रविवार, बाबा! झुणका-पोळीचा डबा, मागच्या सीटवर आई, पुढे मी, आणि थेट सत्तरेक किलोमीटरवरचं डोंगरगड. आई आणि मी पायऱ्या चढून देवीला जायचो; तुमचे गुडघे दुखायचे, तुम्ही खाली चहा घेत बसायचात. "जा तुमी. मी गाडीजवळ आहो." घरात तुम्ही मोजकं बोलायचात, पण राजनांदगाव मागे पडलं की तुमचं तोंड उघडायचं. गावचे दोन बैल, त्यांच्या खोड्या, प्लांटमधल्या पहिल्या दिवशी तळघरात वाट चुकून भलत्याच गेटातून बाहेर निघालात ती गोष्ट. ती मी वीसदा ऐकली असेन. माझे बाबा मला घेऊन फिरायला जातात, याचा मला मनातून फार अभिमान होता. आणि ते सगळं तेलासाठी? दोन दिवस मी गाडीपेक्षा याच विचाराने जास्त कष्टी होते. आईला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

बुधवारी मेकॅनिकचा फोन आला. बेअरिंग शाबूत आहे, तेल गाळणारी जाळी चोंदली होती, साफ केली, लाल दिव्यावर गाडी बंद केलीत म्हणून वाचली. खुर्सीपारला गेले तेव्हा त्याने नवं तेल भरून ठेवलं होतं. म्हणाला, नवी गाडी असती तर वर्षाने चाललं असतं, हिचं सहा महिन्यांनी बदलायचंच, किलोमीटर होवोत न होवोत. "और हफ्ते में एक बार लंबा चलाओ." मी विचारलं, कितना लंबा? डोंगरगढ़ तक? "अरे नहीं मैडम! दुर्ग पार करके अंजोरा तक जाओ, लौट आओ. तेल के लिए उतना बहुत है."

मी गाडीत बसले आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. अर्ध्या तासावरच्या अंजोऱ्यापर्यंत पुरत होतं, बाबा. त्यापुढे डोंगरगडपर्यंतचा रस्ता तेलाला लागत नव्हता. तो आईसाठी आणि माझ्यासाठी होता, हे मला या वयात एका मेकॅनिककडून कळलं. इतकं बरं वाटलं, की मी त्या गॅरेजसमोर एकटीच हसत बसले.

आणि मग तो एक रविवार आठवला. तुमच्या शेवटच्या वर्षी होळी होऊन गेली होती, आई मावशीकडे गोंदियाला होती. तुम्ही किल्ली घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे. "येतं का वं? जाऊन येऊ." मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. तुम्ही म्हणालात, "बरं, बरं. काम पहिले." आणि एकटे गेलात. तासाभरात गाडी परत दारात उभी. मला नवल वाटलं नाही. जेवायला वेळेवर आलात, एवढंच वाटलं. तुम्ही कुठून माघारी वळला असाल, ते मला बुधवारी कळलं. पुढच्या रविवारी तुम्हाला बरं नव्हतं, आणि त्यानंतर आपण कुठे गेलोच नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? आईला वाचून दाखवलं असतं, पण शेवट तिला ऐकवायचा नाही. ते पेपर मी शनिवारीच तपासून ठेवले होते, बाबा.