महिपतीचं हँडल

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून ही नवी वही. सकाळी घटाला माळ बांधून निघालो आणि बेगडेवाडीहून लोकलने लोणावळ्यात उतरलो. सोळा वर्षं बंद असलेलं टॉकीज मानसी मॅडम पुन्हा उघडत आहेत. त्यांच्या आजोबांचं होतं. ५ तारखेला, रविवारी दुपारी तीनला पहिला खेळ. जुना सिनेमा, जुन्याच यंत्रावर. त्या मला काका म्हणतात. म्हणाल्या, यंत्र चाललं तर काका तुम्ही इथे कायमचे, नाही चाललं तर आपण दोघं बाहेर चिक्की विकू.

यंत्र पाहून मन प्रसन्न झालं. माणसाएवढं उंच, बिडाचं, दातेरी चाकं अजून तेलात चमकणारी. फक्त मोटर जळलेली आणि तिचा वेग सांभाळणारा ड्राइव्हही गेलेला. दोन्ही नवे बसवायचे. आंबीच्या कारखान्यात बावीस वर्षं मी हेच केलं.

तिथून का सुटलो ते इथे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला, अनितालाही नाही, तिला वाटतं कारखान्याने माणसं कमी केली. या वहीला सांगतो. माझा उजवा हात थरथरतो. वरच्या ओळी पाहिल्या तर कळेलच. अठ्ठेचाळीस वय आहे आणि हातापलीकडे माझ्याकडे दुसरं काही नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

जुनी मोटर उघडली. आतल्या तारांचा कोळसा झालेला आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यांचे थर. ही मोटर टॉकीज बंद होण्याच्या कितीतरी आधी गेली असली पाहिजे. मग खेळ कशावर चालायचे?

झाडलोट करणाऱ्या शकुबाई इथल्या जुन्या. त्यांना विचारलं. म्हणाल्या, महिपती आपरेटर हातानं फिरवायचा. "लय भारी हात व्हता, भाऊ. खाली बसल्याल्या मानसाला कळायचं न्हाई." सेकंदाला चोवीस चित्रं, अडीच तास, रोज तीन खेळ. मी म्हटलं, माणूस होता की बैल? त्या हसल्या नाहीत. यंत्राच्या खोलीतल्या टेबलाच्या खणातून फडक्यात गुंडाळलेलं हँडल काढून त्यांनी दाखवलं आणि लगेच परत ठेवलं. लोखंडी दांडा, लाकडी मूठ. मुठीवर चार बोटांच्या खाचा पडलेल्या.

३० सप्टेंबर, मंगळवार

मोटर बसली. ड्राइव्हच्या पाच तारा नीट जोडल्या. सहाव्या तारेच्या स्क्रूवरून पेचकस तीनदा घसरला. शकुबाई झाडू थांबवून पाहत होत्या. लाज वाटली. बसला तेवढ्यावर सोडला. नंतर आवळू.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आज हत्यार पुजायचं, चालवायचं नाही. त्यामुळे स्क्रू तसाच. वर यंत्राच्या खोलीत पाटावर पकड, पाने, मीटर मांडले. मग खणातलं हँडल आठवलं. इतकी वर्षं राबलेलं हत्यार पूजेबाहेर ठेवणं मनाला पटेना. तेही मांडलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

देवीकडे मी सहसा काही मागत नाही. आज मागितलं. म्हटलं, ज्या हाताने ही मूठ झिजवली, तो हात मला दे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पूजेतली हत्यारं आज उचलायची, ज्याचं त्याने. हँडलला धनी कोण? मीच उचललं. खाचांमध्ये बोटं अशी बसली की जणू माझीच होती.

थरथर थांबली. हे अक्षर पाहा. शाळेत गुरुजींनी ज्यासाठी छड्या मारल्या ते अक्षर आज आलं.

घरी सोनं वाटलं. अनिता म्हणाली, आज बशीत चहा सांडला नाही. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, इतके महिने. रविवारी खेळाला येते म्हणाली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मोटर चालू केली. चित्र पडद्यावर स्थिर, आवाज स्वच्छ. मानसी मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

पण हात. काम नसलं की गोल फिरतो. हळू नाही, एका चालीत. लोकलमध्ये मांडीवर पिशवी ठेवून झाकला, तर पिशवी फिरू लागली. समोरच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या. घरी अनिताने दोन्ही हातांनी धरला, तर तिचे हातही त्याच्याबरोबर फिरले. म्हणाली, किती गार पडलाय हो.

४ ऑक्टोबर, शनिवार

शकुबाईंना सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. एवढंच म्हणाल्या, "पूजलं? तुमी पूजलं त्याला?"

मग सांगितलं. महिपतीचा शेवटचा खेळ. सिनेमा संपला, लोक घरी गेले, यंत्राचा आवाज थांबेना. त्या वर आल्या. "अंग गार पडल्यालं, पापनी हलत न्हवती. हात तेवडा चालू." चौघांनी मिळून मूठ सोडवली. सुटली तसा तो खाली कोसळला. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन दोन तास झालेत.

हँडल का फेकलं नाही विचारलं. म्हणाल्या, हत्यार हाय, फेकायचं कसं. फक्त कधी पूजेत ठेवलं नाही. निजू दिलं.

खणाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. उद्याचा खेळ मोटरवर होईल. सोमवारी इंद्रायणीत सोडतो, पाप लागलं तर माझ्या माथी.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळ. देवाला हात जोडायला गेलो. उजवा जोडला जाईना.

साडेतीन. खेळ तीनला सुरू झाला. टॉकीज भरलंय. अनिता तिसऱ्या रांगेत, दसऱ्याच्या साडीत. इथल्या झरोक्यातून दिसते. मोटर ठीक.

मध्यांतर झालं. ठीक.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागेल तसं लागो —

ड्राइव्ह बंद पडला. सहावी तार निसटली. मंगळवारचा स्क्रू. आवळायचाच राहिला, हात बरा झाल्याच्या आनंदात. फिल्म दिव्यापुढे थांबली, पडद्यावर नटीच्या गालाला तपकिरी डाग पडून पसरू लागला. खाली शिट्ट्या. मानसी मॅडमची हाक, काका, काका —

तार जोडायला दोन मिनिटं लागली असती. दिवा झाकला असता तर तेवढी मिळाली असती. हे मला ठाऊक होतं. तरी खण मीच उघडला आणि हँडल यंत्राला लावलं. खरं तेच लिहितो.

चित्र चालू झालं. खाली कुणाला कळलं नाही.

थकवा नाही. खांदा दुखत नाही. दुखायला हवा.

सिनेमा संपला. टाळ्या. रिकामं चाक फिरतंय, फिल्मचं शेपूट फटफट आपटतंय. दिवा विझवला. हात थांबत नाही.

पाय गार. आता गुडघ्यापर्यंत —

डाव्या हाताने गळ्याजवळ ठोका शोधला. दोनदा शोधला —

हात मागितला होता. देवीने दिला. कुठवर फिरवायचा, ते मी विचारलंच नव्हतं —

खाली शकुबाई ओरडतायत, वहिनी, वर जाऊ नका, मूठ सोडवू नका. जिन्यावर बांगड्या वाजतायत. अनिता. तिला वाटेल मला दुखतंय. ती धरेल, बोटं एकेक करून सोडवेल, तिच्या हाताला माया फार. तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून ही वही दारातून दिसेल अशी टेबलावर उघडी ठेवलीय. अनिता, आधी हे वाच. मूठ सोडवू नको. फिरतोय तोवरच मी —

दार उघडलं. ती वही बघत नाही, हाताकडे —